ऐंशीच्या खाली

तौसीफ बागवानची सँट्रो
नाना पेठेत माझ्या दुकानाच्या दारात
अर्धी फुटपाथवर चढून उभी.
म्हणतो, मामा, डिकीतला सबवूफर
गाणाऱ्याचे शब्दसुद्धा चघळतोय,
गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा.
त्याला नुसती धमक द्या.
शब्द पुढच्या दारांना.

मी म्हटलं, बस. गाळणी बनवू.

तपकीर गल्लीतून तांब्याची तार आणलेलीच होती,
किलोवर मिळते, भाजीसारखी, फक्त वर कोथिंबीर नाही.
गाभा मेलेल्या स्टॅबिलायझरचा,
पत्र्यांवरचा गंज काचकागदानं घासून काढला.
चार ओहम, ऐंशी हर्ट्झ,
म्हणजे सव्वाअकरा मिलिहेन्री.
एकशे ऐंशी वेढे. हातानं.
एकशे बारावर फोन वाजला म्हणे.
तौसीफनंच उचलून माझ्या हातात दिला
आणि मोजणी गेली.
सगळं उलगडून पुन्हा एकपासून.

गाभ्याच्या फटीत पुठ्ठा लागतो.
खणात भाचीची लग्नपत्रिका सापडली, जाड, सोनेरी.
गणपती तेवढा कापून बाजूला ठेवला,
मग वर-वधू, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता
चार घड्या करून आत.

साडेतीनशेचा कपॅसिटर कुणाकडे नसतो.
सहाशेऐंशीचे दोन घेतले,
ऋण पाय ऋणाला जोडून.
तीनशे चाळीस होतात.
दहाचा फरक डिकीला कळत नाही.

डाग लावताना रोझिनचा धूर डोळ्यात.
तौसीफ विचारतो, पण हिला कसं कळतं
कुठला आवाज आत सोडायचा?
कळत नाही रे.
तारेला घाई सोसत नाही, एवढंच.
सावकाश येईल तो जातो.
थरथरत येईल त्याला ती दारातच धरते,
तरी कुणी घुसलाच
तर कपॅसिटर त्याला परस्पर घरी लावून देतो.
ना भांडण, ना पावती.

मार्चमध्ये सदाशिव पेठेत
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी माझा आलेख दिला.
डावीकडे सपाट, दीड-दोन हजारांपर्यंत बरा,
मग उजवीकडे उतरत गेलेला.
मी सवयीनं बोटांनी उतार मोजला.
म्हटलं, बाई, बांधणी सुबक आहे,
कुणी केली?
त्या हसल्या नाहीत. मशीनचा दर सांगितला.
त्या पैशात माझ्या अशा साठ गाळण्या होतात.

कुकर गेला, हे घरात आधी कळलं.
मग रिक्षाच्या मीटरची टिकटिक, बुलबुल.
अक्षरांतला 'स' गेला, 'श' गेला,
चहाच्या कपात साखर ढवळतोय की नाही
हे बघून ठरवावं लागतं.
बँकेत बायकोनं स्वतःचं नाव सांगितलं, शशिकला.
मला पोचलं ते: ऐकला.
मी विचारलं, कुणी? काय ऐकला?
काउंटरवरचा पोरगा हसला.
ती नाही.

संध्याकाळी गाडी घेऊन नदीपात्रात,
तिथंच नीट तपासता येते.
पलीकडे पथकाचा सराव चालू,
पोरं-पोरी जीन्सवर, कमरेला ढोल बांधून.
ढोल मला अख्खा येतो,
बरगड्यांतून, चपलेखालच्या मातीतून.
ताशेवाल्या पोरीच्या काड्या
नुसत्या दिसतात,
इतक्या भराभर,
जणू कुणीतरी हवेतच तीळ भाजतंय.

तौसीफनं बटण फिरवलं.
डिकी बोलली. खाली, जड, एकसंध,
शब्दाचा कणसुद्धा नाही त्यात.
त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला,
मग कान टवकारले, कपाळाला आठी.
मामा, काहीतरी खडखडतंय.
मला नाही येत, मी म्हटलं.
मागं जाऊन वाकलो,
नंबरप्लेटवर तळवा टेकवला
आणि हाताला मुंग्या आल्या.
डावा स्क्रू ढिला आहे, म्हटलं. पाना दे.